एकास पंचवीस

माणसाला राहायला जागा लागते की नाही, याबद्दल मुंबईत अजून मतभेद आहेत. गाडीला उभं राहायला जागा लागते, याबद्दल मात्र कोणाचंच दुमत नाही. कुठल्याही नव्या इमारतीचा नकाशा उघडून बघा. गाडी किती लांब, किती रुंद, तिने कुठून वळायचं, दार उघडलं तर शेजारच्या गाडीला लागू नये म्हणून मध्ये किती अंतर सोडायचं, हे सगळं त्यात मोठ्या मायेने आखलेलं असतं. माणसाने दार उघडलं तर ते कोणाला लागेल, हे बघायला शेजारी समर्थ असतात.

परळच्या भोईवाड्यात पूर्वी सुपारीवाली चाळ होती. ती आता नाही, आणि झालं ते चांगलंच झालं (असं चाळीतले सगळे म्हणतात, आणि म्हणून झालं की खिडकीतून खाली बघतात). तिच्या जागी अठ्ठावीस मजल्यांचा अरेका हाइट्स नावाचा टॉवर उभा आहे. अरेका म्हणजे इंग्रजीत सुपारीच. जुन्या रहिवाशांची एवढी आठवण बिल्डरने ठेवली, ही काही लहान गोष्ट नव्हे. खालच्या मजल्यांवर चाळीतली माणसं राहतात, वरच्या मजल्यांवर विकत घेतलेली माणसं राहतात. विकत घेतलेले म्हणजे फ्लॅट, माणसं नव्हेत. पण खालचे लोक बोलताना हा फरक पाळत नाहीत.

गुणाजी राऊळ सहाव्या मजल्यावर राहत होता. जन्मभर लोहार चाळीतल्या एका दुकानात काउंटरपलीकडे उभा राहून त्याने बल्ब, होल्डर आणि वायरी विकल्या होत्या, आणि आता तो निवृत्त होता. नव्या घराबद्दल त्याची काडीचीही तक्रार नव्हती. संडास घरात होता. पाणी दिवसभर होतं. बायको कमल तर इतकी खूश होती की लिफ्टमध्ये शिरताना ती चपला काढायची. गुणाजीला फक्त एकच गोष्ट खुपत होती, ती म्हणजे चाळीतली आपली तळमजल्यावरची नऊ नंबरची खोली नेमकी कुठे गेली, याचा त्याला पत्ता लागत नव्हता.

पत्ता त्याने लावला. शेजारच्या शाळेची भिंत आणि कोपऱ्यावरचं उंबराचं झाड, या दोन गोष्टी बिल्डरच्या नव्हत्या म्हणून जाग्यावर राहिल्या होत्या. त्यांच्यापासून पावलं टाकत तो निघाला आणि तळमजल्याच्या पार्किंगमध्ये, पी-एकतीस असं पिवळ्या रंगात लिहिलेल्या चौकटीत येऊन थांबला. टेप लावून बघितली. आठ फूट बाय सोळा फूट. नऊ नंबरची खोलीही आठ बाय सोळाच होती. त्या खोलीत आई, बाप, पाच भावंडं, एक आत्या आणि गावाहून नोकरी शोधायला आलेला व ती मिळाल्यावरही न गेलेला एक मामेभाऊ, अशी नऊ माणसं राहिली. त्याच जागेत आता एक गाडी नेमकी मावते, हे बघून गुणाजीला आपल्या बापाचं कौतुक वाटलं. बापाने आयुष्यात गाडी घेतली नाही, पण गाडीची जागा वेळेवर घेऊन ठेवली होती.

सोडतीत गुणाजीला मिळाली होती तळघरातली, पंपाशेजारची जागा. ती आणि वर काही महिने गावचं कोकम देऊन त्याने एका सभासदाकडून पी-एकतीस बदलून घेतली. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो घडीची खुर्ची घेऊन खाली जायचा आणि चौकटीत बसायचा. इथे बापाची लोखंडी खाट. इथे मोरी. मोरीला लागून आईचा स्टोव्ह. मोठ्या भावाच्या लग्नाचा हळदीचा डाग भिंतीवर इथे होता, पण तिथे आता भिंत नसून पी-बत्तीस होती. गुणाजी बसला की त्याला बरं वाटायचं. वॉचमन येता-जाता सलाम ठोकायचा. त्याच्या समजुतीप्रमाणे काका आपल्या गाडीची वाट बघत होते.

अशा सुखाच्या वेळी नियम आडवे येतात, कारण त्यांची ती वेळच असते. सोसायटीचा सेक्रेटरी धम्मपाल कासारे एका संध्याकाळी खुर्चीसमोर येऊन उभा राहिला. धम्मपाल चाळीत दहा नंबरला राहायचा, म्हणजे भिंतीला भिंत लावून. आता तो विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, आणि उपविधी त्याला पाठ होते. पाठ असलेला नियम समोरच्याला सांगताना त्याचा चेहरा मात्र दरवेळी पडायचा.

"काका, सात-ब लागू होणार तुम्हाला."

"म्हणजे रे काय?"

"ज्या पार्किंगमध्ये सहा महिने वाहन उभं नाही, ते गरजू सभासदाला द्यायचं. जनरल बॉडीत पास झालंय. तुम्ही पण हात वर केला होता."

"मला वाटलं चहाचं विचारतायत," गुणाजी म्हणाला. "आणि गरजू म्हणजे कोण?"

"ज्याच्याकडे दोन गाड्या आहेत तो."

हे तर्काला धरूनच होतं. ज्याच्याकडे एकही गाडी नाही त्याला पार्किंगची गरज शून्य, एक असेल त्याला एक, दोन असतील त्याला दोन. गरज वाढत जाते ती अशी. सोसायटीत सर्वांत गरजू होता चोविसाव्या मजल्यावरचा हर्षवर्धन. त्याची पहिली गाडी पी-बत्तीसमध्ये होती आणि दुसरी, पांढरी, उंच, कमानीत शिरताना मान खाली घालावी अशी, गेटबाहेर रस्त्यावर चार महिने उन्हात उभी होती. तिची अवस्था बघून हर्षवर्धनला वाईट वाटायचं. पी-एकतीसमध्ये खुर्ची टाकून बसलेला गुणाजी बघून तर जास्तच वाटायचं.

गुणाजी त्या रात्री जेवला नाही. गाडी घ्यायची ऐपत नव्हती, आणि असती तरी चालवायची कोणी? कमलने दोनदा हाक मारली, "जेवूक येतास मां?" तिसऱ्यांदा तिने ताट झाकून ठेवलं. खोली एकदा गेली तेव्हा भांडी, फोटो, देव घेऊन बाहेर पडता आलं होतं. दुसऱ्यांदा जाणार तर न्यायलाही काही नव्हतं. त्याला उगाचच आईला बाहेर काढल्यासारखं वाटत राहिलं, आणि ही गोष्ट कमललाही सांगता येण्यासारखी नव्हती.

आता हॉट रॉडबद्दल. गुणाजीची मुलगी अपेक्षा ठाण्याला दिलेली. निवृत्त झाल्यावर बाबांचे हात रिकामे राहू नयेत म्हणून वाढदिवसाला तिने एक खोकं आणून दिलं होतं. त्यात एकोणीसशे बत्तीस सालच्या अमेरिकी गाडीचे प्लास्टिकचे भाग होते, जाळीच्या चौकटींना लटकलेले, शंभराहून जास्त. ते एकेक कापायचे, घासायचे, रंगवायचे आणि जोडायचे, की मूळ गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाची, वीतभर लांबीची गाडी तयार होते. ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं की हॉट रॉड म्हणजे साधी जुनी गाडी नव्हे. जुनी गाडी घ्यायची, तिचे मडगार्ड काढून टाकायचे, छप्पर कापून खाली बसवायचं, आत कोणाला धड बसता येऊ नये असं करायचं, आणि बॉनेटमध्ये मावणार नाही एवढं इंजिन घालून ते बाहेर चकचकीत दिसेल असं ठेवायचं. म्हातारं शरीर आणि नवा माज. परळच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तो त्याला पुनर्विकास म्हणतो.

गुणाजीने खोकं उघडलं होतं ते कंटाळा म्हणून, पण आठवड्याभरात त्याला वेड लागलं. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तो बसायचा. नेलकटरने भाग कापायचा, कमलच्या घासणीने घासायचा, आणि डिंकाच्या वासाने घरात सगळ्यांना दुपारची झोप छान लागायची. गाडीच्या दोन्ही अंगांना ज्वाळांची चित्रं लावायची होती. ती पाण्यात भिजवून हलक्या हाताने सरकवावी लागतात.

"गाडीक आग लागली हा," कमल बघून म्हणाली. "आणि तुमी ती विझवूचा सोडून चिकटवतास?"

"फॅशन असते ती."

"आमच्या मिलीत लागल्ली, तेव्हा कोणी फॅशन म्हणाक नाय," कमल म्हणाली आणि भाजी चिरायला गेली.

सात-ब कळल्यावर तिसऱ्या दिवशी गुणाजी गाडीचं चौथं चाक बसवत होता. बसवता बसवता तो थांबला. त्याने चाकं मोजली. मग चष्मा लावून उपविधींचं पुस्तक काढलं, आणि वाहनाची व्याख्या वाचली. ‘वाहन म्हणजे चार चाके, स्टिअरिंग, इंजिन व मालक असलेली वस्तू.’ त्याने गाडीकडे बघितलं. चार चाकं होती. स्टिअरिंग होतं, मुगाच्या डाळीएवढं पण होतं. इंजिन तर इतकं होतं की बाहेर आलं होतं. आणि मालक तिथेच बनियनवर बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पी-एकतीसमध्ये गाडी लागली. आणण्यापूर्वी कमलने तिची रीतसर पूजा केली, कारण नवी गाडी पूजेशिवाय रस्त्यावर काढत नाहीत. चाकाखाली लिंबं ठेवायची वेळ आली तेव्हा मात्र अडचण झाली. लिंबावर ठेवली तर गाडी लिंबावर बसत होती. गुणाजीने हिशेब केला आणि चार चाकांखाली मोहरीचे चार दाणे ठेवले. नारळ म्हणून मिरी फोडली. मजल्यावर पेढे वाटले ते मात्र पूर्ण मापाचे, कारण लोकांची तोंडं कमी केलेली नव्हती.

कार्यकारिणीची बैठक भरली. अध्यक्ष बकुळाताई होत्या, पालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि समोरचा माणूस कितीही मोठा असला तरी तो बाकावर बसलाय असं समजून बोलणाऱ्या. त्यांनी गाडी तळहातावर घेतली, चाकं मोजली, स्टिअरिंग सुईने फिरवून बघितलं. आकाराबद्दल उपविधींनी मौन पाळलं होतं. धम्मपाल उभा राहिला आणि म्हणाला, "नियमात जे लिहिलेलं नाही, त्याबद्दल कोणाची जागा काढून घेता येत नाही. मोठं ते वाहन आणि लहान ते खेळणं, असं आपण म्हणायला लागलो तर उद्या माणसांबद्दलही म्हणू." हर्षवर्धन गोव्याला होता. ठराव झाला.

‘अरेका हाइट्स’ असं छापलेला पार्किंगचा स्टिकर गाडीवर लावला तेव्हा गाडी दिसेनाशी झाली, म्हणून तो कापून फक्त ‘हा’ एवढं अक्षर राहील असा चिकटवण्यात आला. रात्री कव्हर घालणं सक्तीचं होतं, त्यासाठी कमलने अपेक्षाच्या मुलाचा एक बाळमोजा दिला. गाड्या धुणारा पोरगा कान कोरायच्या कापसाच्या काडीने ती पुसायचा आणि पैसे पूर्ण मागायचा. त्याचं म्हणणं, वाकायला जास्त लागतं.

इथून पुढे जे झालं त्याला प्रगती म्हणतात. चाळीतल्या आणखी अकरा कुटुंबांना सात-ब लागू होत होता. ते सगळे गुणाजीकडे आले. दर रविवारी पार्किंगमध्ये सतरंज्या अंथरून वर्ग भरू लागला. ज्यांनी आयुष्यात गिरणीतल्या साच्यावर, लेथवर, शिवणयंत्रावर हात चालवले होते, ते चिमट्याने आरसे बसवू लागले. बायका अंगावरच्या ज्वाळा रांगोळीसारख्या सफाईने सरकवायच्या. बघता बघता बारा जागांत बारा हॉट रॉड उभ्या राहिल्या, पिवळ्या, लाल, जांभळ्या. दर हजार माणसांमागे हॉट रॉडचं प्रमाण अरेका हाइट्समध्ये आज अमेरिकेतल्या कोणत्याही शहरापेक्षा जास्त आहे (हा आकडा गुणाजीचा असला, तरी दुसऱ्या कोणी मोजलेलं नसल्यामुळे तोच अधिकृत धरावा). शिस्तही कडक होती. एकाने नातवाची बोटभर लांबीची गाडी आणून लावली, तेव्हा त्याला दुचाकींच्या विभागात अर्ज करायला सांगण्यात आलं.

गुणाजी रोज संध्याकाळी खाली बसायचा. आता त्याच्या पुढ्यात गाडी होती, त्यामुळे बसण्याला कारण होतं. भावाला गावी फोन करून त्याने सांगितलं, "खोली आपलीच आहे रे अजून." भावाने यंदा आंबे किती पाठवू ते विचारलं.

हर्षवर्धन दोन महिन्यांनी गोव्याहून परत आला आणि त्याने पार्किंग बघितलं. माणूस वाईट नव्हता. जिममध्ये जायचा, आईला रोज फोन करायचा. फक्त त्याची गाडी उन्हात होती. त्याने बकुळाताईंना गाठलं.

"मॅडम, बेसिक गोष्ट आहे. वाहन म्हणजे जे चालतं. हे चालतं का? चालवून दाखवू दे, आय हॅव नो इश्यू."

बकुळाताईंना हे पटलं. शाळेतही तोंडी परीक्षा असायचीच. रविवारी सकाळी सर्व वाहनांची चाचणी ठरली. वाहन हललं तर जागा राहील, नाही हललं तर जाईल. गुणाजी निश्चिंत होता. खोक्यावर स्वच्छ लिहिलं होतं, चाकं फिरतात.

रविवारी झाडून सगळे खाली जमले. बकुळाताईंनी पी-एकतीसमधल्या हॉट रॉडला मागून करंगळी लावली आणि ढकललं. गाडी फरफटत दोन बोटं पुढे गेली. चाकं फिरली नाहीत. त्यांनी पुन्हा ढकललं. मग उचलून चाकाला नख लावलं. चाक हाडासारखं घट्ट होतं.

"राऊळ, हे चिकटवलंय तुम्ही?"

गुणाजीने चाकाकडे बघितलं. चिकटवलं होतं. त्यानेच. चारही, डिंकाचा चांगला गोळा भरून. सूचनांच्या कागदावर तर तिथे हाताचं चित्र काढून त्यावर फुली मारली होती.

हे का झालं ते चाळीबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. सुपारीवाल्या चाळीत तळमजल्याच्या सगळ्या खोल्यांना मोरीकडे उतार होता. गोटी, बांगडी, पेन्सिल, रांगतं मूल, जे म्हणून घरंगळेल ते मोरीत जायचं. म्हणून चाक असलेली वस्तू घरात आली की पहिलं काम ती पक्की करायची. पाळण्याच्या गाडीला विटा, शिवणयंत्राच्या चाकांना सुतळी, सिलिंडरच्या ट्रॉलीला खिळा. चाळीतल्या माणसाला चाक दिसलं की त्याचा हात आपोआप ते थांबवायला जातो. गुणाजीने न विचार करता चाकं चिकटवली, आणि वर्गात अकरा कुटुंबांना तसंच शिकवलं. एकानेही विचारलं नाही का म्हणून. सगळे त्याच उतारावर वाढलेले होते.

बारा गाड्या तपासल्या. बाराही जागच्या जागी.

हर्षवर्धनने हात पसरून फक्त खांदे उडवले. तेवढ्यात धम्मपाल पुढे झाला. त्याचा चेहरा पडलेला नव्हता, म्हणजे काहीतरी त्याच्या मनासारखं नियमात सापडलं होतं.

"मॅडम, चाचणी सर्व वाहनांची ठरलीय. ज्या वाहनासाठी जागा मागितलीय, तेही हललं पाहिजे. बाहेरचं."

सगळे गेटबाहेर आले. हर्षवर्धन पांढऱ्या गाडीत बसला, चावी फिरवली. गाडीने खाकरल्यासारखं केलं आणि दिवे मालवले. सहा महिने ती हलली नव्हती. हलवली असती तर रस्त्यावरची जागा गेली असती, म्हणून तो रोज टॅक्सीने जायचा. पुन्हा चावी. काही नाही. धम्मपालने गुणाजीचा हात दाबला. नियम सरळ होता. कोणाचंच वाहन हलत नाही, सात-ब बारगळला, जागा ज्याची त्याला. गुणाजीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते लपवलंही नाही.

पण चावीच्या खटपटीत हर्षवर्धनने हँडब्रेक सोडला होता. गाडी थोडी मागे येऊन तिरकी झाली आणि गल्ली अडली. मागे पाण्याचा टँकर, त्यामागे शाळेची बस, भोंगे सुरू.

गिरणगावात बंद पडलेल्या गाडीपुढे माणूस दोनच गोष्टी करू शकतो, एक म्हणजे धक्का मारणं, आणि दुसरी म्हणजे आधीच धक्का मारत असलेल्यांना कसा मारायचा ते सांगणं. नुसतं बघत उभं राहणं त्याच्या हाडातच नाही. गाडी कोणाची, भांडण काय, हे नंतर. "अरे, मारा धक्का," असं कोण म्हणालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. गुणाजीचा एक भाऊ नंतर फोनवर म्हणाला की तो गुणाजीचाच आवाज असणार. बाराही कुटुंबं गाडीला भिडली. धम्मपालने बाह्या वर केल्या. गुणाजी सगळ्यांत पुढे, पाठ लावून.

"घे, घे, उजवी मार हर्षवर्धन. अजून. चल रे, जोर लाव."

गाडी गेटमधून आत आली. आत आली की ती कुठेतरी लावायला हवी, आणि मोठी गाडी मावेल अशा मोकळ्या जागा बाराच होत्या. जवळची होती पी-एकतीस. गुणाजीने धावत जाऊन आपली हॉट रॉड उचलून खिशात टाकली, कारण चाकाखाली आली असती, आणि पुन्हा धावत येऊन धक्क्याला लागला. "या, या, येऊ द्या... बस," तो म्हणाला. हे शब्द त्याच्या बापाने नऊ नंबरमध्ये गावाहून पाहुणे आले की म्हटले होते, अगदी याच जागी उभं राहून.

गाडी थांबली. लोकांनी हात झटकले. एकाने टाळी वाजवली. मग एकेकाची नजर खालच्या पिवळ्या चौकटीकडे गेली.

"हललं," बकुळाताई म्हणाल्या.

वाहन सर्व सभासदांच्या डोळ्यांदेखत हललं होतं, आणि ते हलवणाऱ्यांत विरोधी पक्ष बहुमताने होता. धम्मपाल मटकन कठड्यावर बसला. त्याला आठवत होते ते सगळे नियम गाडीच्या धुळीने त्याच्या तळहातांवर काळे उमटले होते.

बकुळाताई अन्यायी बाई नव्हत्या. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि दोन्ही पक्षांचं समाधान होईल असा निवाडा दिला. गुणाजीची गाडी वाहन आहे, हे सोसायटीने आधी मान्य केलंय, ते मागे घेता येणार नाही. मात्र वाहन एकास पंचवीस मापाचं असेल, तर त्याची जागाही एकास पंचवीस मापाची हवी. लांबी भागिले पंचवीस, रुंदी भागिले पंचवीस. वीतभर लांब, मूठभर रुंद. उरलेली जागा गरजू सभासदाला. हेच बाकी अकरा जागांना. गणितात चूक नव्हती. हर्षवर्धनने आभार मानले, आणि ती वीतभर जागा चौकटीत कुठे हवी ते काकांनी स्वतः ठरवावं, असं मोठ्या मनाने सुचवलं.

गुणाजी टेप घेऊन खाली गेला. पांढऱ्या गाडीखाली पालथा पडून त्याने मोजलं. बापाची खाट नको, ती बापाने कधी स्वतःला वापरलीच नाही, त्यावर आत्या झोपायची. दार नको. तो सरपटत मोरीच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि मोरीला लागून हात ठेवला. इथे आईचा स्टोव्ह होता. रंगाऱ्याने तिथे पिवळी चौकट आखली आणि आत बारीक ब्रशने लिहिलं, पी-एकतीस-अ.

तेव्हापासून सगळं सुरळीत आहे. पांढरी गाडी आत आली ती बॅटरी बदलूनही बाहेर गेलेली नाही, कारण बाहेर गेली तर जागा जाईल अशी हर्षवर्धनला भीती वाटते. तिच्या पोटाखाली, मागच्या उजव्या चाकाशेजारी, लाल हॉट रॉड उभी असते. पार्किंगची जमीन बिल्डरने पाणी वाहून जावं म्हणून गटाराकडे उतरती केली आहे, नेमका तोच उतार, मोरीकडचा. पांढऱ्या गाडीच्या चाकाला दगड लावावा लागतो. गुणाजीची गाडी मात्र कधी घरंगळत नाही. शनिवारी तो बाळमोजा आणि टॉर्च घेऊन खाली शिरतो, धूळ पुसतो, आणि बराच वेळ बाहेर येत नाही. कमल लिफ्टपाशी उभी राहून हाक मारते. हर्षवर्धन भेटला तर काळजीने म्हणतो, "काका, सांभाळून हां, डोकं लागेल."

वाचकांनी या निवाड्याला हसायला हरकत नाही. फक्त आज घरी पोचल्यावर, गाडी लावून, आरसे मिटून, किल्ली खिशात टाकण्यापूर्वी एक करा. आपली जागा टेपने मोजून बघा. आठ बाय सोळा भरली तर खाली वाका. तिथे कोणी स्वयंपाक करत असेल, तर इंजिन जरा गार होऊ द्या आणि मग वर जा.